गोंडोलात बसण्याआधी

नौपाडा, ठाणे

प्रिय बंड्या,

व्हेनिसला तुम्ही सहा जण निघालात, आणि मेख नेमकी तिथेच आहे. गोंडोलात पाचच माणसं घेतात. पूर्वी सहा चालायची, २०२० मध्ये एक कमी केलं. भाडं माणशी नाही, अख्ख्या नावेचं: दिवसा ३० मिनिटांना ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांना ११०. गाणं हवं तर पैसे वेगळे. म्हणजे तुम्हाला दोन नावा, १८० युरो. त्यापेक्षा आई-आप्पा, वहिनी नि पोरं बसू देत. तू त्रागेत्तो घे. तीही गोंडोलाच, जरा रुंद, दोन वल्हेकऱ्यांची. २ युरोत ग्रँड कॅनालच्या पलीकडे सोडते. सांता सोफियाच्या धक्क्यावरून बसलास तर समोर रियाल्तोचा मासळीबाजार, तुला आणखी काय हवं!

गोंडोला मात्र ग्रँड कॅनालवर घेऊ नकोस. तिथे वापोरेत्तोच्या, म्हणजे प्रवासी लाँचच्या, लाटांनी नाव हिंदकळते. सान तोमाच्या धक्क्यावर जा, आतल्या अरुंद कालव्यांतून फिरव म्हणावं. मार्ग आणि मिनिटं पाय ठेवण्याआधी ठरव, नंतर वाद घालून उपयोग नाही.

भरती-ओहोटी खाडीकाठच्या माणसाला काय सांगायची! पण तिथे भरती फार चढली की ठेंगण्या पुलांखालून नाव जात नाही, मार्ग बदलतो. ओहोटीला धक्क्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ उघडं पडतं. आप्पांचे गुडघे लक्षात घेता सपाट, पकड असलेले बूट हवेतच.

चढताना काठावर पाय द्यायचा नाही, मधोमध द्यायचा. नावाडी सांगेल तिथेच बसायचं, कारण तो वजन बघून बसवतो. जवळपास ११ मीटर लांबीची ही नाव मुळातच वाकडी: डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटिमीटर रुंद. नावाडी मागे डावीकडे उभा राहून एकच वल्हं उजवीकडे मारतो. सरळ बांधली असती तर ती सारखी डावीकडे वळली असती. वल्हं बांधलेलं नसतं, फोर्कोला नावाच्या अक्रोडाच्या आकड्यात नुसतं टेकवलेलं असतं. त्याच्या वेगवेगळ्या खाचांतून पुढे, मागे, वळण, थांबणं, सगळं साधतं. पोरांना तेवढं बघायला सांग.

फोटोसाठी जागा बदलू नका. तलावपाळीची पेडल बोट नाही ती.

तुझा,
नौपाड्याचा खादाड