कागदाची सळसळ राहू दिलीत म्हणून

आदरणीय ताई,

"स्पिरिट लावू नका. तबकडी आहे तिथेच राहू दे, आधी हात बाजूला घ्या." जुन्या तबकड्यांवरचा आवाज उतरवून घेणाऱ्या म्हणून तुम्हाला फोन केला, आणि तुम्ही मला बोललेलं हे पहिलं वाक्य. नमस्कार वगैरे नंतर झाला. माझ्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्यात कापसाचा बोळा, म्हणजे अगदी वेळेवर ओरडलात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली रेडिओवरची वार्तापत्रं आणि परदेशी आघाडीवरच्या सैनिकांच्या मुलाखती असलेल्या त्या चौदा तबकड्या माझ्याकडे आल्या, तेव्हा मी त्यांना साध्या ग्रामोफोन रेकॉर्ड समजत होतो. वर पांढरट, चिकट थर दिसला. बुरशीच असणार असं धरून मी स्पिरिट काढलं. तुम्ही सांगितलंत की ही बुरशी नाहीच. असल्या तबकड्यांवरच्या नायट्रोसेल्युलोजच्या, म्हणजे एक प्रकारच्या वार्निशच्या, थरात लवचिकपणासाठी एरंडेल घातलेलं असतं. वर्षं जातात तसं ते विघटित होतं आणि त्यातली आम्लं पृष्ठभागावर येतात. स्पिरिटने ती पांढरी भुकटी निघाली असती, पण खालचा थरही विरघळला असता, आणि आवाज तर त्या थरातच कोरलेला. शिवाय यातल्या बऱ्याच तबकड्यांच्या पोटात धातू नसून काच आहे, हेही तुमच्याकडूनच कळलं. युद्धात ॲल्युमिनियम विमानांना हवं होतं, म्हणून थर काचेवर चढवू लागले. मी त्या एकावर एक रचून वर शब्दकोश ठेवला होता. तुम्ही हसला नाहीत, याबद्दल वेगळे आभार.

खरं तर असलं काही शिल्लक राहतं हेच नवल. तेव्हाचा रेडिओ बोलला की हवेत विरला. एनबीसी आणि सीबीएस या अमेरिकन कंपन्या तर बातम्यांत मुद्रित आवाज वापरायलाच सहसा मनाई करायच्या; सगळं थेट हवं. सीबीएसची युद्धकाळातली बरीच वार्तापत्रं आज ऐकायला मिळतात ती सिअ‍ॅटलच्या केआयआरओ या रेडिओ केंद्रामुळे. हे शहर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर; पूर्व किनाऱ्याची वेळ त्यांना सोयीची नव्हती, म्हणून ते कार्यक्रम तबकडीवर उतरवून नंतर लावायचे. इतिहास जपावा असा काही विचार त्यामागे नव्हता, वेळापत्रकाची अडचण होती. पुढे त्या तबकड्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मायलो रायन या प्राध्यापकांच्या नजरेस पडल्या आणि त्या जपायचं त्यांनी मनावर घेतलं. असं एखादं माणूस मध्ये यावं लागतं. माझ्या बाबतीत ते तुम्ही होतात.

तबकड्या 16 इंची, घरच्या यंत्रावर मावणाऱ्या नव्हेत. तुम्ही प्रत्येकीसाठी तीन-चार सुया बदलून पाहिल्यात. दोन तबकड्यांची सुई मधून बाहेर सरकत जाते, हा दोष नसून पद्धतच होती हे दाखवलंत. एका बाजूची 15 मिनिटं उतरवायला कधीकधी अख्खी दुपार गेली. हे सगळं मी बाजूला बसून बघत होतो आणि खरं सांगायचं तर कंटाळत होतो. मला फक्त स्वच्छ आवाज हवा होता.

त्यावरूनच आपलं वाजलं. सातव्या तबकडीवर एक सैनिक घरच्यांना खुशाली कळवतो. बोलणं अस्खलित, पण मध्येमध्ये सळसळ येते. मी म्हटलं, ही काढून टाकू, संगणकाला दोन मिनिटांचं काम आहे. तुम्ही म्हणालात, "खरखर तबकडीची आहे, सळसळ त्या खोलीतली. तुमच्या संगणकाला दोन्ही सारख्याच." मग मला पुन्हा ऐकायला लावलंत. सळसळ नेमकी वाक्य संपतं तिथे येते. तो कागदावरचं वाचतोय! मुलाखती आधी लिहून सेन्सॉरकडून तपासून घ्यायच्या आणि मगच माइकसमोर बसायचं, अशी तेव्हाची रीत. ठावठिकाणा, तुकडी, हवामान, काही म्हणजे काही सांगायचं नाही. ती सळसळ पुसली असती तर तो मुलगा मनातलं भडाभडा बोलतोय असंच ऐकणाऱ्याला वाटलं असतं. आणि शेवटी कागद संपतो, वेळ मात्र उरते, तेव्हा तो आईचं नाव घेऊन अडखळतो. तो अडखळण्याचा तुकडाही मी कापायला निघालो होतो.

घरी आल्यावर अमेरिकन रेडिओ वार्ताहर जॉर्ज हिक्सचं 6 जून 1944 चं ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं, दोस्त सैन्य फ्रान्समध्ये उतरलं त्या दिवशी नॉर्मंडीच्या किनाऱ्यासमोर जहाजावरून केलेलं. पूर्वी मी त्याचे शब्द ऐकायचो. आता विमानविरोधी तोफांचा आवाज आणि मागे ओरडणारे खलाशी ऐकले. वार्ताहर मध्येच थांबतो, कारण त्यालाही ऐकायचं असतं.

म्हणून तुमच्या म्हणण्याप्रमाणे मूळ प्रत 96 किलोहर्ट्झ, 24 बिटमध्ये, म्हणजे आवाजाचा बारीकसारीक तपशील टिकेल अशी, जशीच्या तशी ठेवली आहे. हात लावायचा तो दुसऱ्या प्रतीला. तबकड्या आता उभ्या आहेत, शब्दकोश कपाटात गेला आहे. तिसऱ्या तबकडीचा थर काचेवरून सुटलाय आणि ती काही वाजणार नाही. तिच्या लेबलचा फोटो तेवढा आहे. तिच्यावर कोण बोलत होतं कोण जाणे, याची चुटपुट लागून राहिली आहे. ती तुमच्याकडे वर्षभर आधी आणली असती तर, हे तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. मी मात्र रोज म्हणतो.

एक गोष्ट तुम्हाला न विचारता केली आहे. सप्टेंबर 1943 मध्ये बीबीसीचा वार्ताहर विनफर्ड वॉन-थॉमस लँकेस्टर बॉम्बर विमानातून बर्लिनवर गेला. त्याचं वर्णन आजही वाजवतात. त्याच विमानात ध्वनिमुद्रणाचं यंत्र सांभाळत रेजिनाल्ड पिड्सली नावाचा तंत्रज्ञ होता. तोही तेवढ्याच तोफांच्या माऱ्यातून गेला आणि परत आला. त्याचं नाव मला तुमच्याकडून कळलं, तेही चहाच्या वेळी, सहज. तुम्ही बजावल्यामुळे या पत्रात तुमचं नाव लिहीत नाही. पण चौदाही तबकड्यांच्या नोंदपत्रात "ध्वनी उतरवून घेणार" हा रकाना आहे आणि तिथे ते पूर्ण लिहिलं आहे, शाईने.

तुमचा,
स्पिरिटवाला