रात्री एकचे धक्के खरे मानणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेसमेकर तपासणीच्या खोलीत मला ‘वहीवाले काका’ म्हणतात, हे माझ्या कानावर आलं आहे. नाव बरोबर आहे. नोकरी सगळी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली, हे टिपायची सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. त्या वहीचं चीज फक्त तुम्ही केलंत, म्हणून हे पत्र. समोर बोललो असतो, पण तुमच्या दाराबाहेर कायम रांग. शिवाय इतर पेसमेकरवाल्यांनीही हे वाचावं असं वाटलं. तुमचं नाव मात्र लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

मला कम्प्लीट हार्ट ब्लॉक निघाला, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याचा इशारा खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नव्हता. डाव्या खांद्याखाली दोन लीडचा, म्हणजे हृदयात दोन तारा सोडलेला पेसमेकर बसला, चक्कर येऊन पडणं थांबलं. टाके सुकले. आणि मग रात्रीचा प्रकार सुरू झाला. गाढ झोपेत छातीत दोनतीन जोरकस धक्के बसायचे, गळ्याशी नाडी उडायची, आणि उठून बसेपर्यंत सगळं पूर्ववत. डाव्या कुशीवर असलो तर जास्तच. घड्याळात बघावं तर एकच्या आसपास. दिवसा ईसीजी काढला की एकदम स्वच्छ. “मशीनचं टेन्शन घेतलंय तुम्ही,” असं एकजण म्हणाले. दुसऱ्यांनी झोपेची गोळी लिहून दिली. गोळीनं झोप लागायची, पण एकला जाग यायचीच, वर सकाळी डोकं जड. सौ. रात्री माझ्या नाकापुढे हात धरून श्वास चालू आहे का बघत होती, हे तिनं मला फार उशिरा सांगितलं.

तुम्ही वही हातात घेतलीत, पानं उलटलीत आणि विचारलंत, “काका, एकलाच? दोनला, तीनला कधी नाही?” तोवर मला सगळ्यांनी काय होतं ते विचारलं होतं. किती वाजता होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. ज्याचं आयुष्य वेळापत्रकात गेलं त्याला या प्रश्नानं काय वाटलं असेल, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

मग तुम्ही छातीवर ती चकती ठेवलीत, प्रोग्रामर, म्हणजे बाहेरून पेसमेकर तपासायचं यंत्र, चालू केलात आणि म्हणालात, “आता मी एक टेस्ट करते, काही जाणवलं की हात वर करा.” पडद्यावरचे आकडे उतरत गेले आणि माझा हात वर गेला. गळ्याशी तीच उडी. “हेच! हेच ते!” असा मी एवढ्यानं ओरडलो की बाहेरच्या बाकावरची माणसं दारात आली. तुम्ही हसून म्हणालात, “म्हणजे भास नाही, काका. यंत्र स्वतःची तपासणी करतं, ती तुम्हाला कळते.”

पुढं जे समजावलंत ते मी घरी येऊन लिहून ठेवलं. ठोका पडायला कमीत कमी किती व्होल्ट पुरतात, त्याला थ्रेशोल्ड म्हणायचं. माझा पाऊण व्होल्ट. यंत्र तो रोज स्वतः मोजतं आणि वर राखीव धरून दोन व्होल्ट सोडतं. मोजण्यासाठी ते मुद्दाम कमी ताकदीचा झटका देऊन बघतं. तेवढ्यात हृदयानं दाद दिली नाही तर ठोका चुकू नये म्हणून सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात मागून दुसरा, जोराचा झटका तयारच असतो. त्या काही ठोक्यांपुरतं हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या ठोक्यांमधलं नेहमीचं वेळेचं अंतरही बदलतं. वरचा कप्पा आवळला जाताना मधली झडप मिटलेली असली, तर रक्ताचा दाब उलटा मानेकडे जातो आणि गळ्याशी धडधडतं. मुक्कामाची गाडी पहाटे सुटण्याआधी ड्रायव्हर इंजिन चालू करून कान देतो, तसलाच हा प्रकार. फक्त इथे प्रवासी आत झोपलेला असतो.

हे सगळं कशासाठी, तर बॅटरीसाठी. व्होल्ट निम्मे केले की ऊर्जा चौथाईच लागते, हे तुम्ही माझ्याच वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलंत. स्वीडनच्या आर्ने लार्सन यांचीही गोष्ट सांगितलीत. १९५८ साली शरीरात पेसमेकर बसवलेले ते जगातले पहिले. त्यांचा पहिला पेसमेकर काही तासांत बंद पडला, पण ते २००१ पर्यंत जगले आणि तेवढ्यात त्यांचे वीसहून जास्त पेसमेकर बदलले गेले. आता एकेक यंत्र आठ-दहा वर्षं चालतं, त्यात या रोजच्या मोजणीचाही वाटा आहे. हे कळल्यावर माझा रात्रीच्या धक्क्यावरचा राग निम्मा उतरला.

पण खरे आभार याच्या पुढच्या गोष्टीचे. “ही रोजची मोजणी बंद करू?” असं विचारून तुम्ही थांबलात. बंद केलं तर व्होल्ट कायमचे जास्त ठेवावे लागतील, बॅटरी लवकर संपेल. चालू ठेवलं तर माझ्या यंत्रात वेळ बदलता येते. ठरवा तुम्ही, म्हणालात. दवाखान्यात आम्हा म्हाताऱ्यांना काही ठरवायला सांगतात, याची सवयच राहिलेली नाही. मी सकाळचे सात मागितले. त्या वेळी मी पेपर घेऊन खुर्चीत असतो. डॉक्टरांना विचारून तुम्ही तसं करून दिलंत. अजूनही सातला धक्के बसतात. मी पान उलटतो.

काय सहन करायचं आणि काय नाही, तेही बजावलंत. डोळ्यांपुढे अंधारी, शुद्ध हरपणं, सारखी उचकी, यंत्राच्या जागी सूज किंवा लाली, छातीचा वा पोटाचा स्नायू सतत उडणं, यातलं काही असेल तर “तपासणी चालली असेल” म्हणून घरी बसायचं नाही. हे मी भेटेल त्याला सांगतो.

मुलाकडे कॅलिफोर्नियाला निघालो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, यंत्रातलं घड्याळ आपलंच राहील, तिथं उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला जाणवेल. पहिल्याच संध्याकाळी, साडेसहाला! सुनेनं घाबरून फोन उचलला, तर मी तिलाच घड्याळ दाखवलं. नातवाबरोबर पायी फिरत असलो की मात्र काही कळायचं नाही. नाडी वाढलेली असली तर यंत्र मोजणी पुढे ढकलतं, हेही तुम्हीच सांगितलेलं.

आता एक काम. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींना असेच धक्के बसतात, पण वेळेचा मेळ लागत नाही. कधी पहाटे, कधी भरदुपारी. घरचे म्हणतात, मनाचे खेळ. मी त्यांनाही वही दिली. नोंदी पाहिल्या तर रोज तीन तास अलीकडे. तुम्ही एकदा म्हणाला होतात की काही यंत्रं दर आठ तासांनी मोजतात, तर काही दर एकवीस तासांनी. एकवीसचा हिशेब इथं तंतोतंत बसतो. कंपनी वेगळी आहे, तुमच्याकडे त्यांचा प्रोग्रामर आहे की नाही माहीत नाही. नसेल तर कुणाकडे जायचं तेवढं सांगा. पेसमेकरचं कार्ड आणि वही घेऊन मंगळवारी त्यांच्या मुलाला पाठवतो.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, कराड