मध्ये पडायचे म्हणजे मारामारीच करायची असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर 2024 मध्ये उज्जैनला भर दिवसा फूटपाथवर एका महिलेवर बलात्कार होत होता आणि येणारे-जाणारे मोबाइलवर चित्रीकरण करत होते. असे काही घडले की समाजमाध्यमांवर दोनच सूर ऐकू येतात : ‘या बघ्यांना फोडून काढा’ आणि ‘मी असतो तर हात तोडले असते’. लिहिणाऱ्यांचा संताप खरा आहे. पण बघ्याने नेमके करायचे काय, हे कुणीच सांगत नाही.

लोक घाबरतात, त्याला कारण आहे. ऑक्टोबर 2011 मध्ये अंधेरीच्या आंबोलीत मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना अडवले म्हणून कीनन सांतोस आणि रुबेन फर्नांडिस या तरुणांना भोसकले. दोघेही गेले. आजूबाजूला माणसे असून कुणी धावले नाही. ‘बाबा रे, मध्ये पडू नकोस’ म्हणणाऱ्या आईला मी नावे ठेवणार नाही.

मी 28 वर्षे एसटीत वाहक होतो. एकदा रात्रीच्या गाडीत तिकिटे देत मागे गेलो, तर खिडकीशी एक कॉलेजची मुलगी अंग चोरून बसलेली. दप्तर मध्ये आडवे धरलेले, आणि शेजारचा झोपेचे सोंग घेऊन तिच्यावर रेलत होता. निम्म्या गाडीला ते दिसत होते. मी त्याच्याशी भांडलो नाही. “ताई, पुढे माझ्या सीटवर या, तुमचे सुट्टे द्यायचे राहिलेत,” एवढेच म्हणालो. तिचे सुट्टे राहिलेच नव्हते. ती झटकन उठली. पाठोपाठ एक मावशी उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि मग मागचे दोघे-तिघे त्या माणसाला फैलावर घेऊ लागले. एक जण हलला की बाकीचे हलतात, हे नोकरीत पुष्कळदा पाहिले.

जून 2023 मध्ये पुण्यात सदाशिव पेठेत कोयता घेऊन तरुणीमागे धावणाऱ्याला स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी अडवले. ते धाडस सगळ्यांना जमणार नाही. पण ओळखीची असल्यासारखी तिला हाक मारणे, शेजारच्या दुकानदाराला बोलावणे, 112 ला, रेल्वेत 139 ला फोन लावणे कुणालाही जमेल. चित्रीकरण केलेच, तर ते पोलिसांकडे द्यावे, ग्रुपवर नको. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार गुन्हा आहे, 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. तसेच स्पष्ट संरक्षण इथेही मिळावे. आणि बसस्थानकांवर ‘पाकीटमारांपासून सावध’ अशी पाटी असते, तिच्या शेजारी मोठ्या अक्षरांत हेही लिहावे : बाईला कुणी त्रास देताना दिसले, तर तिच्याजवळ जाऊन उभे राहा, वाहकाला हाक मारा.

आपला,
एक निवृत्त वाहक, सातारा