मेस्त्रीमामा, तुम्ही कॉम्प्रेसर बंद केलात त्याबद्दल

मेस्त्रीमामा,
सप्रेम नमस्कार.

नाव-पत्ता कुठं लिहायचा नाही असं तुम्ही बजावून सांगितलंय, म्हणून लिहीत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुम्हाला ओळखणारे ओळखतीलच. त्या संध्याकाळी पैसे हातात ठेवून "येते मामा" एवढंच म्हणून मी निघाले. घरी पोचेपर्यंत डोळे भरून येत होते, आणि एवढ्याशा गोष्टीनं असं का होतंय ते मलाच कळत नव्हतं. आता कळलंय, म्हणून लिहायला बसले आहे.

आमची गाडी तुम्हाला आता पाठ आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. २००७ ची वॅगनआर, पेट्रोलची, एमएच ०९ पासिंगची. १५ वर्षं झाल्यावर आरटीओत पुन्हा पासिंग करून घेतली, कारण नवी घेण्याची ऐपत नव्हती आणि हिच्यावर जीवही होता. मी गगनबावडा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. फुलेवाडी नाका सोडला की बालिंगा, कळे, मांडुकली, असळज असा रोजचा रस्ता. आम्ही चार शिक्षिका एकाच गाडीनं जातो आणि पेट्रोल वाटून घेतो. पेट्रोल शंभरच्या वर गेल्यापासून गाडीचं ॲव्हरेज हा आमच्या चारही घरांतला महिनाअखेरचा विषय झालेला आहे.

ही गाडी १४-१५ चं ॲव्हरेज सहज द्यायची. ते उतरत उतरत ९ वर आलं. हे मी अंदाजानं म्हणत नाही. एकाच पंपावर टाकी फुल करायची, मीटरचा आकडा लिहायचा, पुढच्या वेळी पुन्हा फुल करून भागाकार करायचा, अशी वही मी ठेवलेली आहे. शिवाय सिग्नलला उभी राहिली की स्टेअरिंग थरथरायचं, सकाळी मिसिंग मारायची, गिअर टाकून निघताना आचके द्यायची. सायलेन्सरच्या तोंडाला काजळी. आणि हे सगळं पावसाळ्यात जास्त. गगनबावड्याचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको, जूनपासून तिकडं ऊन दिसत नाही. "पावसात आणि थंडीत जास्त त्रास देते, उन्हाळ्यात बरी चालते," हे वाक्य मी प्रत्येक गॅरेजात सांगितलं.

कुणी ऐकलं नाही. एका ठिकाणी प्लग बदलले, एका ठिकाणी इंजेक्टर साफ केले, तिसऱ्यानं पेट्रोल पंपाची मोटर नवी टाकली आणि बिल हातात दिलं. मोठ्या काचेच्या शोरूममध्ये स्कॅनर लावून "मॅडम, एकही एरर नाही, गाडी ओके आहे" असं सांगितलं, स्टेअरिंग थरथरत असताना. एक जण तर म्हणाला, "म्हातारी झालीय, भंगारात घाला." यातलं काहीही मला इतकं लागलं नाही जितकं ते दुसरं वाक्य लागलं, जे जवळपास सगळीकडं ऐकलं: "मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." माझे मिस्टर ही गाडी चालवत नाहीत. त्या रस्त्यावर रोज मी असते. कळ्याच्या पुढं कुठल्या चढाला गाडी दम टाकते ते मला ठाऊक, कुठल्या वेगाला हादरा बसतो ते मला ठाऊक. पण माझं बोलणं सुरू असतानाच समोरचा माणूस बॉनेटमध्ये डोकं घालायचा, आणि मी त्याच्या पाठीशी बोलत राहायचे.

तुमच्याकडं मी आशेनं आले नव्हते, मामा. एका सहकारी शिक्षिकेच्या भावानं सांगितलं म्हणून आले. शेडमध्ये एकीकडं ग्राइंडर चाललेला, कोपऱ्यात कॉम्प्रेसर धडधडतोय. मी नेहमीसारखी सांगायला सुरुवात केली आणि तुम्ही हात वर करून मला थांबवलंत. मला वाटलं, झालं, आता मिस्टरांचं विचारणार. तुम्ही मागं वळून पोराला हाक मारलीत, "ए, ते कॉम्प्रेसर बंद कर जरा. बाई काय सांगत्यात ते ऐकू येईना." ग्राइंडरवाल्यालाही खुणेनं थांबवलंत. मग फडक्यानं स्टूल पुसून माझ्याकडं सरकवलंत, स्वतः टायरवर बसलात आणि म्हणालात, "रोज तुमीच चालवताय न्हवं? मग तुमीच सांगा. पहिल्यापासनं सांगा."

सगळं शेड गप्प झालं होतं. मी बोलत होते आणि एक माणूस हातातलं काम सोडून ऐकत होता. मध्ये टोकलं नाही, मान हलवून "व्हय व्हय" करून घाई केली नाही. माझी वही मागून घेतलीत, तेलकट हात लागू नये म्हणून पोराला पानं उलटायला लावलीत, आणि पावसाळ्याच्या महिन्यांवर बोट न टेकवता बोट फिरवलंत. नंतर विचारलंत एकच: "काटा मधी येतो काय कधी?"

तापमानाचा काटा. तो कित्येक महिने खालीच असायचा. शाळेत पोचेस्तोवर कसाबसा जरा वर सरकायचा. इतक्या गॅरेजांत गाडी उभी राहिली, पण त्या काट्याबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं.

पुढचं काम मी थोडक्यात सांगते, कारण तुम्ही ते थोडक्यातच केलंत. तुम्ही शेजारी बसलात आणि गाडी मलाच चालवायला लावलीत, चांगली कळ्यापर्यंत. परत आल्यावर तुमचा साधा स्कॅनर लावलात. एररचं पान उघडलंच नाहीत, थेट चालू आकडे बघितलेत. एवढं चालून इंजिनाचं पाणी ५० च्या आसपास अंश. "ऐंशीच्या वर पायजे हे," म्हणालात. मग रेडिएटरचा वरचा होज जिथं इंजिनाला मिळतो तिथलं झाकण उघडलंत, टॉर्च माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "बगा आत. काय दिसतंय?" काहीच दिसत नव्हतं. "तेच. हितं वॉल पायजे. वॉलच न्हाई."

तेव्हा सगळं आठवलं. दोन उन्हाळ्यांपूर्वी गाडी गरम झाली होती, आणि एका गॅरेजनं "आता कधीच गरम होणार नाही" अशी खात्री देऊन परत दिली होती. जाम झालेला थर्मोस्टॅट वॉल, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप, त्यांनी काढला, ते बरोबरच केलं. पण काहीशे रुपयांचा नवा बसवला नाही, आणि काढलाय हे सांगितलंही नाही. आपल्याकडं हा इलाज सर्रास चालतो हे तुमच्याकडूनच कळलं. वॉल नसला की पाणी सुरुवातीपासून रेडिएटरमध्ये फिरत राहतं आणि इंजिन तापतच नाही. पाण्याचा सेन्सर कॉम्प्युटरला इमानानं सांगतो की इंजिन थंड आहे, आणि कॉम्प्युटर तितक्याच इमानानं जादा पेट्रोल सोडतो. त्या जादा पेट्रोलची काजळी प्लगवर धरते, म्हणून मिसिंग आणि थरथर. सेन्सर चांगला, इंजेक्टर चांगले, म्हणून स्कॅनरला एरर दिसेना. तुमच्या शब्दांत, "हुडहुडी भरलेल्या माणसाला चा पाजत बसावं तसं चाललंया. घोंगडं कुणी देईना." उन्हाळ्यात बरी आणि पावसात वाईट, हे मी सगळीकडं सांगत होते त्यातच सगळं उत्तर होतं.

पेट्रोलमध्ये मिसळतात त्या इथेनॉलचं तुम्हाला मुद्दाम विचारलं होतं, कारण एका ठिकाणी सगळा दोष त्यावर ढकलला होता. उसाच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलचं नाव निघालं की वाद होतोच. तुम्ही वाद घातला नाहीत. म्हणालात, फरक पडतो, पण इतका न्हाई. घरी येऊन मी शोधलं. २० टक्के इथेनॉलमुळं, ज्या चारचाकी मुळात नुसत्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवून घेतलेल्या आहेत, त्यांचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल असं नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलेलं आहे. १४ चे ६-७ टक्के म्हणजे जेमतेम एक किलोमीटर. माझे पाच गेले होते. हा हिशोब पाचवीतल्या पोराला जमतो, पण मोठ्या गॅरेजात तो करायला कुणी थांबलं नाही.

आणखी एक सांगायचं आहे. नवा वॉल आणल्यावर तुम्ही तो तसाच बसवला नाहीत. शेजारच्या चहाच्या गाड्यावर गेलात, जुन्या पातेल्यात पाणी ठेवायला सांगितलंत, तारेला बांधून वॉल आत सोडलात आणि मला बोलावलंत. पाणी कोमट झालं, वॉल मिटलेला. वाफा यायला लागल्या, तरी मिटलेला. मग उकळीच्या थोडं आधी मधली पितळी चकती हळूहळू उचलली गेली आणि खाली फट दिसली. आतलं मेण तापून फुगतं आणि चकतीला ढकलतं, असं तुमच्या पोरानं मला सांगितलं, आणि सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता की वर्गात असं उत्तर मिळालं तर मी त्या दिवशी दुसरं काही शिकवणार नाही. "नवा हाय म्हणून चांगला हाय असं न्हवं," तुम्ही म्हणालात. "बगून बसवायचा."

प्लगही तुम्ही घासून परत लावलेत, "नवेच हायत, कशाला बदलायचे" म्हणून. ऑइलला पेट्रोलचा वास येतोय म्हणून ते मात्र बदललंत, आणि काढलेलं ऑइल माझ्या नाकाशी धरून खात्री करून दिलीत. बिलात वॉल, कूलंट, ऑइल आणि तुमची मजुरी. मजुरीचा आकडा मी इथं लिहिला तर तुम्ही रागवाल.

ज्या उद्यमनगरात म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार या जुन्या यंत्रकारागिरांची नावं आजही आदरानं घेतली जातात, तिथल्या माणसाच्या हाताला इंजिन कळतं याचं नवल वाटू नये. मला नवल कानाचं वाटलं. आपल्या गावात माणुसकी मोठ्या प्रसंगाला उभी राहते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि ट्रकच्या रांगा लागल्या, तेव्हा आजूबाजूच्या लोकांनी अडकलेल्या ड्रायव्हरांना जेवू घातलं. दरवर्षी मांडुकलीला रस्त्यावर पाणी येतं तेव्हा अनोळखी पोरं भिजत उभी राहून आमची गाडी मागं वळवून देतात. त्याचं कौतुक होतं, व्हायलाच पाहिजे. पण कोरड्या दिवशी, कामाच्या गर्दीत, समोरच्या बाईचं म्हणणं ऐकू यावं म्हणून धंद्याचा आवाज पाच मिनिटं बंद करणं, याचं कौतुक कुठं होत नाही. डॉक्टरकडं, बँकेत, कचेरीत, सगळीकडं मी अर्धं वाक्य बोलून गप्प बसायला शिकले होते. तुमच्या शेडमध्ये मी कितीतरी दिवसांनी पूर्ण बोलले.

गाडीचं सांगायचं तर काटा आता बालिंग्याच्या पुलाच्या आतच मध्यावर येतो आणि तिथंच राहतो. स्टेअरिंग गप्प आहे. वहीतला ताजा आकडा १३.८, तोही पावसातला. माझ्या तिघी मैत्रिणींनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे, आणि त्यातल्या एकीची स्कूटर लवकरच तुमच्याकडं येणार आहे.

आता एक मागणं. आमच्या सातवीच्या वर्गाला उष्णतेनं पदार्थ प्रसरण पावतात हे मी फळ्यावर शिकवते. शनिवारी आमची शाळा सकाळची असते. एका शनिवारी तुम्ही आणि तुमचा पोरगा वॉल घेऊन याल का? गॅस, पातेलं आणि थर्मामीटर शाळेत आहे. समजावून सांगायचं काम पोराकडं द्या, तो फार छान सांगतो. दुपारी जेवून जायचं, पोषण आहाराच्या ताई आमटी झणझणीत करतात. सकाळी सहाला शेडजवळ गाडी घेऊन येते, कुठला शनिवार ते तेवढं कळवा.

आपली,
गगनबावड्याच्या रस्त्यावरची एक शिक्षिका
कोल्हापूर