मामा, त्या अळ्या कुणाच्या होत्या ते सांगायचं राहिलं

प्रिय मामा,
सा. न. वि. वि.

प्रबंधातल्या आभारांच्या पानावर मी ‘प्रयोगशाळेतील सर्व कर्मचारी’ एवढं लिहून मोकळी झाले होते. त्यात तुम्हीही होतात, हे तुम्हाला कुणी सांगितलंसुद्धा नसेल. म्हणून हे पत्र, उशिरा आणि चारचौघांत.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी केळ्यावरच्या चिलटांचं, म्हणजे ड्रोसोफिलाचं, प्रणयवर्तन बघायला घेतलं होतं. (घरी सगळ्यांना वाटायचं की मी आंबा नासवणाऱ्या फळमाशीवर औषध शोधतेय. ती माशी निराळी.) चिलटांचा स्वयंपाक तुमच्याकडे असायचा. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, खळ घट्ट धरायला अगर-अगरची पूड, आणि बुरशी धरू नये म्हणून खळ जरा निवल्यावर प्रोपिऑनिक आम्ल. नर कसा ओळखायचा तेही तुम्हीच दाखवलंत: पोटाचं टोक काळं आणि पुढच्या पायावर बारीकसा काळा कंगवा.

मला लागायच्या कुमारी माद्या. कोषातून बाहेर पडलेली मादी 25 अंशांना साधारण आठ तास नराला जवळ येऊ देत नाही, तेवढ्या वेळात ती वेगळी काढायची. सकाळी सहाला येऊन तुम्ही बाटल्यांतल्या आधीच्या माश्या झटकून काढून ठेवायचात, म्हणून दुपारी माझं काम व्हायचं. एका आठवड्यात तुम्ही रजेवर होतात. मी उशिरा उठले, वेळा चुकवल्या आणि कुणाला बोलले नाही.

पुढचे पंधरा दिवस माझे नर ढिम्म बसून. मादी समोर फिरतेय आणि हे काचेकडे तोंड करून पाय चोळताहेत. नरांतच काहीतरी जनुकीय दोष निघालाय, असा निष्कर्ष मी जवळजवळ लिहून काढला होता. तेवढ्यात तुम्ही ती नळी ट्यूबलाइटसमोर धरलीत आणि म्हणालात, “ताई, ह्या कुमारी म्हनता ना? मग ह्या अळ्या कुनाच्या?”

कुमारी मादी अंडी घालते कधीकधी, पण त्यांतून अळ्या येत नाहीत. माझ्या माद्या संसारी होत्या! अशी मादी नराला लाथा मारते, अंडी घालायची नळी बाहेर काढून त्याला हटवते. तासभर असा नकार सोसलेला नर पुढे काही तास कुमारीपुढेही मरगळलेला राहतो, हे सीगल आणि हॉल यांनी 1979 मध्येच दाखवलं होतं. आणि मी तेच नर पुन्हापुन्हा वापरत होते. नर धडधाकट होते, मामा. फक्त हिरमुसलेले.

नव्या माद्या, नवे नर घेतले तेव्हा तुम्ही पहिल्यांदा भिंगातून सगळा सोहळा बघितलात. नर मादीकडे वळला, मागं लागला, पुढच्या पायानं तिला टपली मारली (पायानंच तो तिची चव घेतो), मग एकच पंख आडवा पसरून थरथरवला. ते त्याचं गाणं, आपल्या कानाला न येणारं. तुम्ही विचारलंत, “जन्मल्यापास्नं एकटा ठेवलेला हा. ह्याला शिकवलं कुनी?” मी “जनुक” म्हणाले आणि नोंदवहीत डोकं घातलं. तुमचं समाधान झालं नव्हतं, ते दिसत होतं.

आज नीट सांगते. ‘फ्रूटलेस’ नावाचं एक जनुक आहे. नर आणि मादी दोघांतही ते असतं, पण पेशी त्याचा संदेश वेगवेगळा कातरून जोडतात, आणि नराच्या जोडणीतूनच एक खास प्रथिन तयार होतं. 2005 मध्ये व्हिएन्नात डेमिर आणि डिक्सन यांनी माद्यांमध्ये ही नराची जोडणी घडवून आणली, तर त्या माद्या दुसऱ्या माद्यांच्या मागं लागल्या. ते प्रथिन असणाऱ्या चेतापेशी दोनेक हजार: काही वास घेणाऱ्या, काही चव घेणाऱ्या, काही पंख हलवायला लावणाऱ्या. त्यांतल्या पी-वन नावाच्या, मेंदूच्या प्रत्येक बाजूला विसेक पेशी म्हणजे जणू चाप. मादीत त्या वाढीच्या काळातच मरून जातात, तेही ‘डबलसेक्स’ नावाच्या दुसऱ्या जनुकामुळे. प्रयोगात या पेशी ऊब देऊन चेतवल्या की नर समोर कुणी नसतानाही गाऊ लागतो.

पण तुमच्या प्रश्नात जास्त दम होता. 2014 मध्ये पॅन आणि बेकर यांनी फ्रूटलेसचं ते प्रथिन नसलेले नर वाढवले. एकटे ठेवलेले नर प्रणय करेनात. इतर माश्यांच्या सोबतीत काही दिवस राहिलेले मात्र करू लागले! त्यासाठी डबलसेक्स मात्र लागायचं. म्हणजे शिकवणी असते, मामा, निदान काहींना तरी. माझं एका शब्दाचं उत्तर अपुरं होतं.

आता माझ्याकडे मुलं प्रकल्पाला येतात. कुणी ‘कुमारी’ असं लिहिलेली नळी पुढे केली की मी आधी ती उजेडासमोर धरते. गेल्या मंगळवारी तळाशी तीन अळ्या वळवळत होत्या. मुलगी म्हणाली, “मॅडम, नरांमध्येच काहीतरी प्रॉब्लेम आहे.” मला हसू आवरेना, आणि ती का हसताय म्हणून विचारत राहिली.

मामींना नमस्कार.

तुमची,
चिलटंवाली ताई