पिल्लांच्या आधारपट्ट्यासोबतच्या धोकादायक सूचनांबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : कुत्र्याच्या पिल्लांच्या पायासाठीचा आधारपट्टा, त्याच्या चुकीच्या सूचना आणि चॅटवर दिलेला औषधाचा सल्ला

महोदय/महोदया,

आपल्या अ‍ॅपवरून मी पिल्लांच्या पुढच्या पायासाठीचा वेल्क्रोचा आधारपट्टा मागवला होता. पावती, पट्ट्याचे व माहितीपत्रकाचे फोटो आणि चॅटचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. पैसे परत हवेत ही मागणी आहेच, पण पत्र लिहिण्याचं मुख्य कारण ते नाही. हा पट्टा आजही त्याच सूचनांसह विकला जातोय, आणि त्या सूचना वाचून कुणीतरी आज रात्री आपल्या पिल्लाचा पाय घट्ट आवळून ठेवेल, ही माझी काळजी आहे.

आमची चिंगी चार महिन्यांची देशी पिल्लू. ओट्यावरून उडी मारताना तिचा पुढचा उजवा पाय मुरगळला आणि ती तो टेकवेना. त्याच संध्याकाळी पशुवैद्यांकडे नेलं. एक्स-रेमध्ये हाड शाबूत होतं. या वयात हाडांच्या टोकाशी वाढीचा कोवळा भाग असतो, तो दुखावला तर पाय वाकडा वाढू शकतो, म्हणून डॉक्टरांनी तिथे मुद्दाम नीट पाहिलं. तोही ठीक होता. वजनाप्रमाणे मोजून कुत्र्यांचं वेदनाशामक दिलं, जिने आणि उड्या बंद, शी-शूला फक्त गळ्यातल्या पट्ट्याला धरून न्यायचं, बाकी वेळ छोट्या कुंपणात. बाहेर नेताना हलका आधार बांधला तरी चालेल असं ते म्हणाले, म्हणून मी आपला पट्टा घेतला.

आपल्या पत्रकात लिहिलंय : ‘घट्ट बांधा. २४ तास ठेवा. मध्ये काढू नका.’ चित्रात दाखवलाय तसाच बांधला. सकाळी चिंगी पट्टा चावत कण्हत होती. पंजा सुजलेला, बोटं गार आणि मधल्या दोन बोटांची नखं एकमेकांपासून फाकलेली. पट्टा काढून तशीच दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, पायाला काहीही बांधलं की ही मधली दोन बोटं उघडी ठेवायची आणि दिवसातून अनेकदा पाहायची. नखं फाकली म्हणजे आत सूज चढतेय. बोटं गार पडली, वास यायला लागला, पट्टा ओला झाला किंवा पिल्लू सारखं चावायला लागलं, तर ताबडतोब सोडायचा. रक्तपुरवठा फार वेळ अडला तर कातडी मरते, बोटं गमवावी लागू शकतात. मुरगळलेला पाय विश्रांतीने बरा होतो, आवळून गेलेला होत नाही. यातलं एक अक्षरही आपल्या पत्रकात नाही. आपला पट्टा तर बोटं पूर्ण झाकतो, म्हणजे पाहायचं ठरवलं तरी काही दिसत नाही.

मापाचा तक्ताही फक्त वजनावर आहे. सहा किलोचा पग आणि सहा किलोचं देशी पिल्लू यांचे पाय एकसारखे असतात का? एकाचे आखूड नि जाड, दुसऱ्याचे लांब नि काटकुळे. पायाचा घेर आणि लांबी विचारल्याशिवाय हा पट्टा विकायलाच नको. त्यात पिल्लू भराभर वाढतं, आज बसलेलं माप थोड्याच दिवसांत आवळायला लागतं.

सूज दिसल्यावर मी आपल्या चॅटवरही लिहिलं होतं. आपल्या प्रतिनिधीचं उत्तर स्क्रीनशॉटमध्ये आहे : ‘घरात आयबुप्रोफेन असेल तर अर्धी गोळी द्या, आराम पडेल.’ मी ती दिली नाही, कारण पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी माणसांची कुठलीही गोळी द्यायची नाही असं बजावलं होतं. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चिंगीला एक वेदनाशामक आधीच चालू होतं, त्यावर ही गोळी म्हणजे दुप्पट धोका. ज्याला कुणी हे सांगितलेलं नसेल, तो आपला सल्ला विश्वासाने पाळेल. ही गोष्ट मला पट्ट्याहूनही गंभीर वाटते.

आणि पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘घाला आणि धावू द्या!’ हे कशासाठी? दुखणं थोडं कमी झालं की पिल्लू आपणहून धावायला बघतं. नेमकं तेव्हाच त्याला आवरावं लागतं, नाहीतर तोच पाय पुन्हा दुखावतो. चिंगीला कुंपणात बसवताना तिची केविलवाणी नजर बघून आमचाही जीव तुटायचा, तरी तिला बसवलं. आता सूज उतरली आहे, पाय टेकून हळूहळू चालते. आपलं पाकीट मात्र पालकांना उलटंच करायला सांगतं.

माझ्या मागण्या : सूचना बदलेपर्यंत हा पट्टा विक्रीतून काढा. ज्यांनी तो घेतलाय त्या सर्वांना पट्टा रात्रभर न ठेवण्याचा आणि बोटं तपासण्याचा संदेश आजच पाठवा. नवं पत्रक पशुवैद्याकडून तपासून घ्या आणि ते मराठीतही द्या. चॅटवरून औषधं सुचवणं पूर्ण थांबवा. पट्ट्याची किंमत आणि दुसऱ्या तपासणीचा खर्च मला परत करा, त्याचं बिल जोडलं आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वापराच्या पुरेशा सूचना आणि धोक्याचा इशारा न दिल्यामुळे हानी झाली तर त्याला उत्पादक जबाबदार ठरतो. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे आपण ४८ तासांत या तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं आहे. तसं न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पट्टा मी फेकलेला नाही. तपासणीसाठी हवा असेल तर पोच देऊन घेऊन जावा.

कळावे,
आपली ग्राहक
(नाव व ऑर्डर क्रमांक जोडलेल्या पावतीवर)
नाशिक