एक एप्रिलची थट्टा बंद नको, तिची शिस्त परत आणा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एक एप्रिलला गमतीची खोटी बातमी छापण्याची प्रथा वर्तमानपत्रांनी बंद करावी, असा सूर अलीकडे वाचकांत लागतो. अफवांचा आधीच सुळसुळाट झालेला असताना त्यात भर कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. तरीही ही प्रथा बंद पडू नये असे मला मनापासून वाटते. मोडली आहे ती तिची शिस्त.

ब्रिटनमध्ये ही थट्टा दुपारी बाराच्या आत उरकायची असा जुना संकेत आहे. बारानंतर कुणी फसवायला गेला तर मूर्ख तोच ठरतो. फ्रान्समध्ये मुले कागदाचा मासा कापून नकळत दुसऱ्याच्या पाठीवर चिकटवतात आणि त्याच्या लक्षात आले की 'एप्रिलचा मासा!' म्हणून ओरडतात. स्पेनमध्ये हाच खेळ २८ डिसेंबरला चालतो. या थट्टा लवकर संपतात आणि करणारा समोरच उभा असतो, त्यामुळे फसलेल्यालाही हसता येते.

प्रसारमाध्यमांनीही हे भान एके काळी उत्तम सांभाळले. १९५७ साली बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात स्वित्झर्लंडमधील स्पॅगेटीच्या, म्हणजे खरे तर पिठापासून करायच्या इटालियन शेवयांच्या, पिकाची बातमी दाखवली गेली. बायका झाडांवरून लांबच लांब शेवया अलगद उतरवून उन्हात वाळत घालताहेत, आणि रिचर्ड डिंबलबी यांच्यासारखा भारदस्त निवेदक गंभीर आवाजात त्याचे वर्णन करतो आहे! स्पॅगेटी तेव्हा बहुतेक ब्रिटिश घरांत अपरिचित होती. हे झाड कसे लावायचे, असे विचारणारे फोन बीबीसीला आले. १९७७ साली 'गार्डियन' या ब्रिटिश वर्तमानपत्राने सॅन सेरिफ या बेटांच्या काल्पनिक देशावर सात पानांची पुरवणी काढली. तिथल्या राजधानीचे नाव बोडोनी, बेटांची नावे अप्पर केस आणि लोअर केस. सॅन सेरिफ आणि बोडोनी ही छपाईतल्या अक्षरवळणांची नावे, तर अप्पर केस आणि लोअर केस म्हणजे इंग्रजीतली मोठी आणि लहान अक्षरे; छपाईच्या टाइपांशी ओळख असलेल्याला ही नावे वाचताच उलगडा व्हावा. खूण पानावरच होती; ती शोधण्यातच वाचकाचा आनंद होता. मला तर हा नमुना सगळ्यांत सरस वाटतो, कारण तो वाचकाला बावळट समजत नाही.

आता मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुराकडे पाहा. एक एप्रिलला कुणीतरी गमतीने लिहिलेले चार दिवसांत तारखेपासून सुटते, लिहिणाऱ्याचे नाव गळते आणि जूनमध्ये ते कुणाच्या तरी हातात खरी बातमी म्हणून पडते. बारा वाजतच नाहीत आणि समोर कुणी उभेही नसते. भरतीची जाहिरात, परीक्षेचा निकाल, बँकेचा नवा नियम, आजारपण, मृत्यू, असे विषय थट्टेसाठी निवडणाऱ्यांचा तर मला संताप येतो. निकालाची वाट पाहणाऱ्या मुलाने त्या दोन मिनिटांत काय सोसले, ते 'अरे, गंमत केली' म्हटल्याने पुसले जात नाही.

विश्वास उडाला की काय होते, त्याचे एक उदाहरण पाहा. १ एप्रिल १९४६ रोजी अलास्काजवळच्या भूकंपाने उठलेली त्सुनामी हवाई बेटांवर आदळली. लाट येते आहे, पळा, असे सांगणाऱ्यांवर तारखेमुळे अनेकांनी विश्वास ठेवला नाही. हवाईत दीडशेहून अधिक माणसे गेली. पूर्वसूचनेची यंत्रणा तेव्हा नव्हती, ती १९४९ साली उभी राहिली; त्यामुळे सगळा दोष थट्टेच्या दिवसाला देणे बरोबर नाही. पण धोक्याचा इशारा हा थट्टेचा विषय कधीच होता कामा नये, एवढे तरी सर्वांनी मान्य करावे.

म्हणून विनंती अशी की, येत्या एक एप्रिलला आपण गमतीची बातमी जरूर छापावी. त्यात चाणाक्ष वाचकाला सापडेल अशी खूण ठेवावी, त्याच अंकाच्या शेवटच्या पानावर खुलासा करावा आणि लिहिणाऱ्याचे नाव द्यावे. संकेतस्थळावर मात्र शीर्षकातच 'एप्रिल फूल' हे शब्द असावेत, म्हणजे मथळ्याचा फोटो काढून कुणी पुढे पाठवला तरी ते शब्द त्याच्यासोबत जातील.

आपला,
एक नियमित वाचक